संगीत नाटक आणि विद्यार्थी

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली, कीं स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. आणि ज्या शाळांतून संगीत नाटक बसविण्याची चाल अद्याप टिकून आहे, तेथील मुलांच्या घरीं एक वाद हटकून उपस्थित होतो. घरांतील मुलाचें किंवा मुलीचें नांव पात्रांच्या यादींत आलेलें असतें. अनुमति द्यावी कीं न द्यावी, याविषयीं आजोबांचें मत एक, वडिलांचें दुसरें, आणि आजी देवघरांतून तिसरेंच कांहीं सुचवीत असते. शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत असतां अशा प्रयोगांच्या तालमी घेण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं, त्यामुळें या वादाच्या दोन्ही बाजू मला चांगल्याच परिचयाच्या झाल्या आहेत. त्यांचा शांतपणें विचार करावा व आपलेंहि मत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

नाटकाच्या नादानें विद्यार्थी बिघडतो, ही वडील माणसांची भीति अगदींच निराधार आहे असें कोणीं समजूं नये. तिच्यामागें जुना इतिहास आहे. परंतु त्या इतिहासाचें पहिलेंच पान उघडून पाहिलें, तर तेथें शिक्षक आणि विद्यार्थी यांचीच जोडी दिसते. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे कांहीं काळ बेळगांवास शिक्षक होते, आणि गोविंद बल्लाळ देवल हे तेथले त्यांचे विद्यार्थी. पुढें ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. कालिदासाचें नाटक तोंवर मुख्यतः शिकलेल्यांच्या पुस्तकांत होतें. साकी, दिंडी आणि लोकांच्या ओळखीच्या इतर चालींवर तें गाइलें जाऊं लागतांच अक्षरशत्रूच्याहि कानीं गेलें. १८८२ मध्यें ‘सौभद्र’ आलें. १८९९ मध्यें त्याच बेळगांवच्या विद्यार्थ्यानें, म्हणजे देवलांनीं, ‘संगीत शारदा’ लिहून जरठकुमारी-विवाहाचा अन्याय सर्व महाराष्ट्रापुढें मांडला. ज्या कलेला आपण विद्येची सवत समजतों, ती वास्तविक विद्येच्या घरांतूनच बाहेर पडली आहे.

भीतीचें मूळ आहे तें याच्या पुढच्या पानांवर. स्त्रीभूमिकांसाठीं नाटकमंडळ्यांस गोड गळ्याचे कोवळे मुलगे हवे असत. असा मुलगा कंपनींत गेला, म्हणजे बहुधा तेथेंच त्याची शाळा संपे. किर्लोस्कर मंडळींत या मुलांना शिकविण्याच्या कामावर १९०६ च्या सुमारास राम गणेश गडकरी होते; म्हणजे मुलांच्या शिक्षणाची चिंता मंडळ्यांना नव्हती असें नाहीं. पण बिऱ्हाड आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, आणि रात्रीं उशिरापर्यंत जागरण, अशा स्थितींत अभ्यास कितीसा होणार? शिवाय ज्या गळ्यासाठीं मुलाला ठेवून घ्यावयाचें, तो गळा फुटण्याचा काळ ठरलेलाच. भास्करबुवा बखले लहानपणीं याच मंडळींत गात असत. आवाज फुटला आणि त्यांचें तेथील स्थान गेलें. त्यांनीं बडोद्यास फैजमहंमदखां यांच्याकडे जाऊन गाण्याची खरी विद्या संपादन केली, पुढें आणखीहि थोर गुरूंची सेवा केली. १९११ मध्यें पुण्यास भारत गायन समाज स्थापन केला, आणि १९१६ मध्यें ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना त्यांनीं दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या मुखीं घरोघर पोंचल्या. पण एका भास्करबुवांच्या मागें नांवनिशाणीहि न उरलेले असे किती मुलगे असतील! आजोबांच्या मनांत जी धास्ती असते ती या मुलांची आहे, आणि ती योग्यच आहे.

मात्र शाळेचें नाटक आणि कंपनीचें नाटक यांत एक मोठा भेद आहे, तो लक्षांत घेतला पाहिजे. कंपनी नाटकासाठीं मूल घेत असे. शाळेनें मुलासाठीं नाटक घ्यावयाचें असतें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९०१ मध्यें शांतिनिकेतनांत विद्यालय काढलें आणि १९०८ मध्यें तेथील मुलांना करतां यावें म्हणून ‘शारदोत्सव’ हें गाण्यांनीं भरलेलें नाटक लिहिलें. तेथें प्रयोग हा शिक्षणाचाच भाग होता. हा भेद एकदां मान्य केला, म्हणजे प्रश्न असा उरतो कीं, जें वर्गांत मिळत नाहीं असें मुलाला या नाटकांत काय मिळतें?

पहिली गोष्ट वाणीची. माझ्या वर्गांत नववींत एक मुलगा होता. तो बोलतांना फार अडखळे. हजेरीच्या वेळीं ‘हजर’ म्हणण्यालाहि त्याला क्षणभर लागे, आणि तेवढ्यांत वर्ग हंसे. त्याला मीं नांदीच्या मेळांत उभा केला. गातांना त्याची जीभ एकदांहि अडली नाहीं. यांत चमत्कार नाहीं. अडखळत बोलणारीं पुष्कळ माणसें लयींत बांधलेले शब्द सहज उच्चारतात, हें आतां जाणत्यांना माहीत आहे. पण त्या मुलाला तें माहीत नव्हतें. आपल्या तोंडून चार ओळी निर्वेध बाहेर पडतात हें त्यानें स्वतःच्या कानांनीं प्रथमच ऐकिलें. पुढच्या वर्षीं त्यानें सेवकाचीं दोन वाक्यें मागून घेतलीं. त्याचें अडखळणें नाहींसें झालें असें मी म्हणणार नाहीं. तें कमी झालें. आणि मुख्य म्हणजे अडखळलों तरी वाक्य पुरें करावयाचें, हा धीर त्याला आला. त्यानंतर उत्तर येत असतांना तो कधीं खालीं मान घालून बसला नाहीं.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. नाटकांत आपली नक्कल पाठ करणें हें अर्धेंच काम आहे. गद्य बोलतां बोलतां पदावर यावयाचें असतें, तेव्हां पायपेटीवाला सूर देतो, तबलजी ठेका धरतो, आणि समोरच्या पात्राचें शेवटचें वाक्य कानांत घेऊनच आपल्याला उठावयाचें असतें. जो फक्त आपल्याच शब्दांची वाट पाहात उभा असतो, त्याचें पद हमखास चुकतें. आपल्या घरांतून हुशार मुलें फार, पण दुसऱ्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेणारीं थोडीं. ती संवय लावण्याचा याहून सरळ उपाय मला तरी सांपडला नाहीं. आणि ज्याला एकहि पद नाहीं, जो केवळ भालदार म्हणून तीन प्रवेशांत काठी धरून उभा राहतो, त्यालाहि हेंच शिकावें लागतें. कारण त्याची नजर भलतीकडे गेली तर राजाचें दुःख प्रेक्षकांस खोटें वाटूं लागतें.

तिसरी गोष्ट समजुतीची. नाट्यशास्त्रानें अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. हातवारे, उच्चार आणि वेष हे तीन शिकवितां येतात. सात्त्विक मात्र मुलाला आपल्या आंत शोधावा लागतो. ‘शारदे’चे कांहीं प्रवेश आम्हीं बसविले, तेव्हां कांचनभटाची भूमिका घ्यावयास कोणी तयार होईना. पैशासाठीं मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधणारा बाप कोणाला व्हावयाचा? ज्यानें अखेर ती घेतली, तो पहिल्या तालमींत दांतओठ खाऊन बोले. महिन्याभरानें त्यानें मला विचारलें, “गुरुजी, हा माणूस आपण वाईट करतों आहोंत असें स्वतःशीं कधींच म्हणत नसेल ना?” त्या दिवसापासून त्याचें काम चांगलें होऊं लागलें. वाईट गोष्टी बहुधा सभ्य चेहऱ्यानें आणि व्यवहाराच्या भाषेंत केल्या जातात, हें चौदा वर्षांच्या मुलाला कळावें, याला मी विद्याच म्हणतों.

आतां गळ्याविषयीं, कारण येथेंच पालकांची आणि शिक्षकांची खरी परीक्षा आहे. मुलग्यांचा आवाज साधारणपणें बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान फुटूं लागतो. कंठाची वाढ होते, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. या कालांत जुन्या पट्टींत ओढून गाण्याचा हट्ट धरल्यास गळ्याला इजा होण्याचा संभव असतो. एका वर्षीं ‘सौभद्रां’तील नारदाची भूमिका ज्याला दिली होती, त्याचा आवाज प्रयोगाला तीन आठवडे उरले असतां फुटला. त्याच्या आजोबांना सारे नाना म्हणत. ते स्वतः शाळेंत आले आणि म्हणाले, “गुरुजी, पोराला आतां मोकळा करा. गळा गेला, तेथें त्याचें काम काय?” मुलगा मागें उभा होता. तो म्हणाला, “नाना, पदें सगळीं मला येतात. सातवींतल्या मुलाला घेतलंय, त्याला कोण शिकवील?”

नाना कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं मुलाला घरींहि नेलें नाहीं. तीन आठवडे तो मुलगा आपली स्वतःची पदें दुसऱ्याच्या गळ्यांत उतरवीत होता. श्वास कोठें घ्यावयाचा, हरकत कोठें टाळावयाची, हें हातानें दाखवीत होता, कारण गाऊन दाखवितां येत नव्हतें. प्रयोगाच्या रात्रीं तो विंगेंत पुस्तक घेऊन बसला. नारदाच्या पदाला वन्समोर आला, तेव्हां त्याचे डोळे भरून आलेले मीं पाहिले; त्यांत आनंद किती व दुःख किती हें मला सांगतां येणार नाहीं. तो पुढें गवई झाला नाहीं. एका कारखान्यांत हिशेबाचें काम करतो. परंतु आपल्या हातून गेलेली वस्तु दुसऱ्याच्या हातीं शोभून दिसतांना पाहणें, आणि तरी जागेवरून न उठणें, हा पाठ त्याला ज्या वयांत मिळाला त्या वयांत तो फार थोड्यांना मिळतो. भास्करबुवांच्या बालपणीं कंपनीला जें साधलें नाहीं, तें शाळेला साधतां येतें: गळा गेला तरी मुलाची जागा राहूं देणें.

मुलींच्या बाबतींत अनुमतीचा प्रश्न अधिक नाजुक मानला जातो. अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या संगीत रंगभूमीवरील प्रमुख मंडळ्यांत नायिका पुरुषच होत. पुढें हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका पुढें आल्या. नाट्यमन्वंतर संस्थेच्या १९३३ मधील ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत ज्योत्स्ना भोळे यांनीं भूमिका केली. तेव्हांपासून कितीतरी चांगल्या घरच्या स्त्रियांनीं रंगभूमीला प्रतिष्ठा आणून दिली. तेव्हां आजीबाईंना माझें नम्र सांगणें इतकेंच कीं, नातीला अडवूं नये. तालीम किती वाजतां संपते आणि घरीं कोण पोंचवितें, एवढी चौकशी अवश्य करावी.

अनुमति द्यावीच, असें माझें मत आहे. पण ती डोळे मिटून देऊं नये. कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें भांडण रंगविलें आहे. श्रेष्ठ कोण, याचा निर्णय त्यांच्या वादावरून करावयाचा नाहीं. शिष्येच्या प्रयोगावरून करावयाचा, असें तेथें ठरतें. पालकांनींहि शिक्षकाला याच कसोटीला लावावें. तालीम रोज दीड तासाहून अधिक असूं नये. दहावीच्या मुलाला मोठी भूमिका देऊं नये. पण परीक्षा आहे म्हणून नांदीच्या मेळांतूनहि काढूं नये. मुलग्यांची पट्टी वेगळी व मुलींची वेगळी, हें ज्या संगीतशिक्षकाला पटत नाहीं त्याच्या हातीं मुलाचा गळा देऊं नये. वन्समोर मिळाला म्हणून घरांत त्याचें कौतुक चारचौघांसमोर चार दिवस चालवूं नये, आणि पद चुकलें म्हणून जेवणाच्या पंगतींत त्याची थट्टाहि करूं नये. कौतुकानें बिघडलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत; थट्टेनें कायमचीं गप्प झालेलीं त्याहून अधिक पाहिलीं आहेत.

आणि एक विनंति. प्रयोगाला तर सर्व कुटुंब नटूनथटून येतेंच. त्याआधीं एकदां, कोणतीहि पूर्वसूचना न देतां, घरांतील वडील माणसानें साध्या तालमीला येऊन मागच्या बांकावर अर्धा तास बसावें. तेथें रंग नसतो, पडदा नसतो. तीच ओळ सातव्यांदा म्हटली जात असते, आणि आपलें मूल दुसऱ्याची पाळी संपण्याची मुकाट्यानें वाट पाहात असतें. तें पाहिल्यावर अनुमतीचा प्रश्न आमच्यासारख्याला विचारण्याची जरूर पडणार नाहीं.