काठावरचा राजगड

राजगड नकाशाच्या काठावर येतो, हे मला घरातल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्यावर कळलं. समोर भारतीय सर्वेक्षण विभागाचे दोन स्थलनिर्देशक नकाशे पसरले होते, ज्यांना डोंगरात फिरणारे सगळे टोपोशीटच म्हणतात. वर ४७ एफ/११, खाली ४७ एफ/१२. तोरणा वरच्या कागदावर, राजगड खालच्या. आणि तोही कसा, तर अगदी वरच्या कडेला चिकटून. बालेकिल्ल्यापासून १८ अंश १५ मिनिटांची रेषा जेमतेम चार-साडेचारशे मीटरवर आहे, आणि कागद तिथेच संपतो. गुंजवण्याहून चढायचं म्हटलं तर वाटेची सुरुवात एका कागदावर आणि गड दुसऱ्यावर. ज्याने ही रेषा आखली त्याला राजगडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने फक्त पृथ्वीचे चौकोन पाडले.

हे चौकोन एकदा समजून घेतले की पुढे आयुष्यभर पुरतात. चार अंश रुंद आणि चार अंश उंच असा एक मोठा चौकोन, त्याला एक आकडा. आपला ४७. अक्षांश १६ ते २०, रेखांश ७२ ते ७६. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, सगळं त्या एका आकड्यात मावतं. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा, एक ते सोळा. क्रम डावीकडून उजवीकडे जात नाही, पाढ्यांच्या तक्त्यासारखा वरून खाली उतरतो आणि मग शेजारच्या रांगेत पुन्हा वरूनच सुरू होतो. म्हणून ११ च्या खाली १२ आणि ११ च्या उजवीकडे १५, ज्यात सिंहगड आहे. हरिश्चंद्रगड हवा असेल तर ४७ ई/१५. नव्या मालिकेतल्या नकाशांना वेगळे क्रमांक आले, पण जुन्या भटक्यांच्या तोंडी अजून हेच आकडे असतात. घरचे दूरध्वनी क्रमांक पाठ असावेत तसे.

हे कागद मिळवणं ही एके काळी मोहीमच होती. देशाच्या सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे सर्वसामान्यांना मिळत नसत. आता सह्याद्रीची मुख्य धार किनाऱ्यापासून किती आत आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी चाळीस ते सत्तर किलोमीटर. म्हणजे आपले पुष्कळ किल्ले आणि पुष्कळ घाटवाटा त्या बंदीत सापडल्या होत्या. शिवाजी महाराजांच्या गडांचा नकाशा मराठी माणसाला कायदेशीरपणे बघता येऊ नये, हा विनोद फारसा कुणाला विनोद वाटत नव्हता. मग कुणाच्या तरी मामांच्या ओळखीने, कुठल्याशा महाविद्यालयाच्या भूगोल विभागातून आलेल्या प्रतीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत समोच्च रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग व्हायचा आणि त्या डागाला आम्ही कडा समजायचो. पुष्कळदा तो कडाच निघायचा, हे वेगळं. त्या काळात हरिश कपाडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ आणि आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ या पुस्तकांची पानं का विस्कटेपर्यंत वापरली गेली, ते या पार्श्वभूमीवर कळतं.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्कराचे आणि लोकांचे नकाशे वेगळे केले. २०१७ मध्ये, सर्वेक्षण विभागाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, लोकांसाठीच्या मालिकेतले नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येऊ लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. कुलूप निघालं तोवर घरात शिरण्याची बहुतेकांची इच्छाच राहिली नव्हती, कारण खिशात फोन आला होता.

तर राजगड ते तोरणा. पट्टी ठेवली की दोन गडांमध्ये सुमारे १४ सेंटीमीटर भरतात. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. सात किलोमीटर! नवख्याला हायसं वाटतं. मग शिवणाचा दोरा घ्यायचा आणि राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकापासून धारेच्या वळणावळणाने तो तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत नेऊन सरळ करून मोजायचा. दोरा वीस सेंटीमीटरच्या पुढे जातो. दहा-अकरा किलोमीटर झाले. आता उंची.

नकाशातल्या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक, दर पाचवी रेषा ठळक, म्हणजे ठळक ते ठळक शंभर मीटर. कागदावर दोन रेषांत एक मिलिमीटर अंतर असेल तर जमिनीवर ५० मीटर पुढे जाताना २० मीटर वर जायचं. पाच पावलांना दोन पावलं उंची. दम लागतो, पण बोलत चढता येतं. तेच अंतर अर्धा मिलिमीटर झालं की बोलणं थांबतं आणि हात कारवीकडे जातात. रेषांचं टोक डोंगराच्या उंच बाजूकडे घुसलेलं दिसलं तर ती घळ किंवा ओढा. टोक खाली उताराकडे आलेलं असेल तर सोंड. सगळा सह्याद्री या दोन आकारांत लिहिलेला आहे, आणि धुक्यात वाट चुकलेली बहुतेक माणसं सोंड समजून घळीत उतरलेली असतात.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये वेळेचा एक ढोबळ हिशेब मांडला. तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला एक तास जास्त. आपल्या मापात, पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. राजगड-तोरण्याच्या धारेवरचे चढ एकत्र केले तर पाच-सहाशे मीटर होतात. नेस्मिथच्या हिशेबाने सव्वातीन तासांत बुधल्यापाशी पोचायला हवं. पाठीवर सॅक आणि डोक्यावर मार्चचं ऊन घेऊन आपली माणसं सहा-सात तास घेतात. नेस्मिथने घसाऱ्याचा मुरूम पाहिला नव्हता. माझा अनुभव असा की त्याच्या उत्तराची दुप्पट करावी आणि वर एक लिंबू-सरबताचा थांबा धरावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतो आहे तिच्याकडे येतो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर पसरले, गोठले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार झिजून पदर होतो. कडा, पदर, पुन्हा कडा. लांबून डोंगर पायऱ्यांसारखा दिसतो, आणि या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात तेही पायरीच्या स्वीडिश शब्दावरून. नकाशात हे सुरेख दिसतं: रेषांची दाट जुडी, मग मोकळी जागा, मग पुन्हा जुडी. पदरातून आडवी वाट असते, गुरं तिथेच चरतात, वाड्या तिथेच वसतात, हे कागदावरून सांगता येतं. पण पायरी जर पंधरा मीटरची असली तर? वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये ती अख्खीच्या अख्खी लपून बसते. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. नकाशा खोटं बोललेला नसतो, त्याच्या चाळणीच्या भोकातून ती गळालेली असते. काही ठिकाणी सर्वेक्षकांनी कड्याजवळ बारीक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी ‘आर’ लिहिलेला सापडतो. ती त्या जागेची आसपासच्या जमिनीपेक्षा उंची, मीटरमध्ये. तो आकडा दिसला की त्या अनामिक माणसाचे आभार मानावेत. तो दोरी आणि वही घेऊन तिथे खरोखर उभा राहिला होता.

या मोजणीचं मूळ १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजलेल्या एका सरळ रेषेत आहे. विल्यम लॅम्टनने तिच्यावरून त्रिकोणाला त्रिकोण जोडत चाल धरली. सोबत अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आदळून वाकडं झालं, तर पठ्ठ्याने ते दुरुस्त करून पुन्हा कामाला लावलं. वीस वर्षं असं चालत तो विदर्भापर्यंत आला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्याचं नाव मिळालं आणि हिंगणघाटवरून जाणाऱ्या रेल्वेगाडीतून कुणी खिडकीबाहेर मान वळवून पाहत नाही.

एव्हरेस्टचं नाव आपल्या सॅकमध्येही असतं. त्याने १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला त्यावर जुनी टोपोशीटं बेतलेली आहेत. फोनमधला उपग्रहांचा आकार वेगळा. त्यामुळे जुन्या कागदावरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे फोनमध्ये घातले, तर पुण्याच्या परिसरात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. शहरात याचा अर्थ पुढची गल्ली. तोरण्यावर याचा अर्थ कड्याच्या वर की खाली. नवी मालिका उपग्रहांच्या आकारावरच काढलेली असल्याने तिच्यात हा घोटाळा नाही, पण आपल्याकडच्या झेरॉक्सा जुन्याच असतात, म्हणून सांगितलं.

मला स्वतःला रेषांपेक्षा रंगांनी जास्त वाचवलं आहे. ओढ्याची रेषा निळी असेल तर त्यात बारमाही पाणी, काळी असेल तर पावसाळा सरला की कोरडा. सह्याद्रीचा नकाशा उघडा, काळ्या रेषांचं जाळं दिसेल. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा डोंगर आणि फेब्रुवारीत हंडाभर पाण्यासाठी कोसभर पायपीट, हे विरोधी चित्र शाई बदलून सांगितलेलं असतं. एप्रिलमध्ये मुक्काम कुठे करायचा हे मी निळ्या ठिपक्यांवरून ठरवतो: विहीर, तळं, झरा. ठिपक्यालाही वय असतं. जुन्या ४७ एफ/११ मध्ये गुंजवणी धरण नाही. जिथे शेताचा पिवळा रंग आहे तिथे आज पाणी. वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँच ज्या शिवसागरावरून जाते, त्याच्या तळाशी कोयनाकाठची गावं आहेत. नावंही बदलतात. ज्या वेल्ह्यात तोरण्यावरून उतरायचं, त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे.

फोनला हे कळत नाही का? पुष्कळ कळतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर हौशी लोकांनी इतक्या पाऊलवाटा टिपल्या आहेत की काही गडांच्या बाबतीत तो सरकारी कागदापेक्षा भरवशाचा आहे. जाण्याआधी परिसर उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो. माझी तक्रार वेगळी आहे. फोन एकच वाट निळ्या रंगात दाखवतो आणि बाकीचा डोंगर पुसून टाकतो. पसरलेल्या कागदावर मला एकाच वेळी भुतोंडे, वाजेघर, पाल, गुंजवणे दिसतात. दुपारी कुणाचा पाय मुरगळला तर धारेवरून उत्तरेला उतरायचं की दक्षिणेला, उत्तरेला एसटी आहे की दक्षिणेला भाटघरचं पाणी आडवं येतं, हे आदल्या रात्री फरशीवर ठरतं. सहलीची आखणी म्हणजे हेच, नको झालं तर कुठून बाहेर पडायचं. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे रात्री निघालेली एक मोटार फोन दाखवेल तशी जात अकोले तालुक्यात धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या पुलावर पोचली आणि पाण्यात शिरली. एकाचा जीव गेला. वर्षातले काही महिने तो पूल पाण्यात असतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

गावाला विचारण्यावरून आठवलं. एका एप्रिलमध्ये आम्ही चौघं धारेवर होतो आणि माझ्या कागदावरचा निळा ठिपका कोरडा निघाला. खालच्या पदरात एक धनगराचं घर दिसत होतं, नकाशात नसलेलं. अंगणात आजी गोवऱ्या रचत होत्या.

“आजी, वरच्या झऱ्याला पाणी नाही का आता?”

“त्याला कवा हुतं, पाव्हणं? होळीपातुर ऱ्हातं. म्होरल्या सोंडंच्या पोटाला टाकं हाय बगा, आंब्याखाली. वरनं न्हाई दिसायचं.”

कागद उलगडला. ती सोंड नेमकी १८ अंश १५ मिनिटांच्या रेषेवर होती, दोन झेरॉक्स जोडलेल्या चिकटपट्टीच्या खाली. पट्टी पिवळी पडली होती, खालचं काही वाचता येईना. आम्ही सोंडेच्या कुशीतून शोधत गेलो. आंबा दिसला, त्याच्या मुळाशी कातळात खोदलेलं टाकं, गुडघाभर पाणी, वर शेवाळाची साय. फडक्याने गाळून बाटल्या भरल्या.

घरी आल्यावर चिकटपट्टीवर पेन्सिल चालेना, म्हणून कडेच्या कोऱ्या पट्टीत बाण काढून लिहिलं: टाकं, आंब्याखाली, एप्रिलअखेर पाणी, आजींनी सांगितलं. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा आंबा तोडलेला होता. पाणी होतं. ‘आंब्याखाली’ खोडून ‘खुंटापाशी’ केलं.