लेसरचा मारा कुठे थांबतो?

एप्रिलमधल्या भर दुपारी वाशीम-कारंजा रस्त्यावर दूर नजर टाका. समोरून येणारी एस.टी. थरथरताना दिसेल. थरथरते ती गाडी नव्हे. तापलेल्या डांबरावरची हवा गाडीकडून येणारे प्रकाशकिरण सतत वाकवत असते. हे दृश्य लक्षात ठेवा.

१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे आपल्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने (डीआरडीओ) ३० किलोवॉट शक्तीच्या लेसरने ड्रोन, म्हणजे वैमानिकाविना उडणारे विमान, पाडून दाखवले. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर! मग तोफा आता मोडीत काढायच्या का? नाही. का, ते पाहू.

लेसरचा झोत कितीही सरळ असला, तरी विवर्तनामुळे पसरतोच. समजा, १ मायक्रॉन तरंगलांबीचा झोत १० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून लक्ष्यावर एकवटला. १ किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे अडीच सेंटिमीटरचा होईल, ५ किलोमीटरवर सुमारे १२ सेंटिमीटरचा. व्यास पाचपट, म्हणजे क्षेत्रफळ पंचवीसपट. तीच उष्णता तेवढ्या जागेत विभागली जाणार.

हा झाला निर्वात जागेतला हिशेब. हवेत धूळ, धुके आणि पाऊस प्रकाश शोषतात, विखुरतात. शिवाय झोत स्वतःच वाटेतली हवा तापवतो आणि रस्त्यावरच्या त्या एस.टी.सारखा ठिपका थरथरू लागतो, फाकतो.

तोफगोळा आदळताच काम करतो. लेसरला मात्र बहुधा काही सेकंद एकाच जागी टिकून राहावे लागते, आणि लक्ष्य तर पळत असते. टेकडीआडचे लक्ष्यही त्याला वर्ज्य, कारण गोळ्यासारखे वरून वळून जाणे प्रकाशाला जमत नाही.

आणखी एक अडचण विजेची. लेसरची कार्यक्षमता एक-तृतीयांश धरली, तर ३० किलोवॉट प्रकाशासाठी ९० किलोवॉट वीज हवी. उरलेली ६० किलोवॉट उष्णता, म्हणजे १ किलोवॉटच्या साठ इस्त्र्यांची धग, यंत्रातून बाहेर काढावी लागते!

अमेरिकेने बोइंग ७४७ विमानावर प्रचंड लेसर बसवून फेब्रुवारी २०१० मध्ये चाचणीत क्षेपणास्त्र पाडले. पण पल्ला अपुरा होता. शत्रूच्या फार जवळ जाऊन घिरट्या घालाव्या लागल्या असत्या. २०११ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला.

म्हणून लेसर निरुपयोगी ठरत नाही. जवळ आलेल्या स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र खर्ची घालण्यापेक्षा थोडी वीज खर्चणे केव्हाही परवडते. पण आभाळ भरून आले, की राखणीला तोफ हवीच.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. भिंगाचा व्यास २० सेंटिमीटर केला, तर ५ किलोमीटरवरचा ठिपका केवढा होईल? वहीत करून पाहा.