बर्फात मळलेली वाट नसते

संगमनेरहून पहाटे निघायचं, अकोले-राजूरमार्गे बारी गाठायचं आणि कळसूबाई करून संध्याकाळी घरी यायचं, हे इथल्या कित्येक तरुणांच्या अंगवळणी पडलं आहे. राज्यातलं हे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचं. ते पायाखालचं झालं की काहींची नजर गुलमर्गकडे वळते. आधी स्कीइंग शिकायचं, मग आखलेला उतार सोडून मोकळ्या डोंगरावर जायचं. यालाच बॅककंट्री म्हणतात. त्यातला आनंद खराच. पण सह्याद्रीतले काही समज तिथे जिवावर बेततात.

‘आपल्या आधी कोणी गेलंय, म्हणजे वाट सुरक्षित.’ सह्याद्रीत मळलेली वाट भरवशाची असते, बर्फात नाही. तिथला बर्फ थरांनी साचतो. वर वाऱ्यानं दाबून बसलेला घट्ट थर आणि खाली रव्यासारखे सुटे दाणे, अशी स्थिती असली की वरचा थर नुसता टेकलेला असतो. चौघं जण सुखरूप उतरतात आणि पाचव्याच्या वजनानं अख्खा उतार निसटतो.

‘ओरडलं की हिमकडा कोसळतो’, हे सिनेमानं पसरवलेलं. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो. पायाखालच्या दाबात असतो. हिमस्खलनाच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा बर्फ सुटतो तो बळी पडलेल्या माणसामुळे किंवा त्याच्याच सोबत्यामुळे. आणि धोका सरळसोट कड्यावर जास्त असतो असंही नाही. तिथे बर्फ फार साचतच नाही. बहुतेक स्खलनं होतात ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे स्कीइंगला मन ओढ घेतं नेमकं तिथेच.

‘बर्फ मऊ, हातपाय मारून निघू.’ वाहताना तो मऊ वाटतो. थांबला की सिमेंटसारखा आवळतो, बोटही हलत नाही. दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासापर्यंत तेच प्रमाण तिघांवर येतं. म्हणून बचाव पथकावर विसंबणं चुकीचं. पथक कितीही तत्पर असलं तरी इतक्या वेळात क्वचितच पोहोचतं. हा धोका कागदावरचा नाही: २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

दमसास चांगला असला म्हणजे उंची बाधत नाही, हेही खरं नाही. गुलमर्गचा गंडोला (केबल कार) माणसाला अफरवटच्या उतारावर जवळपास ३,९०० मीटरवर नेऊन सोडतो. विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, मग छाती कितीही भक्कम असो.

प्रत्येकाकडे बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. पण ती विकत घेऊन भागत नाही. जायच्या आधी प्रवरेकाठी, एखाद्या वाळूच्या पट्ट्यात, चालू बीकन पुरून ठेवावा आणि सोबत्याला घड्याळ लावून तो शोधायला, उकरून काढायला सांगावं. पहिल्या खेपेला किती मिनिटं लागली, ते लिहून ठेवावं आणि ती मिनिटं निम्म्यावर येईपर्यंत पुन्हा पुरावा.