विश्लेषण : मुलाचा डायपर सुटेना, शाळा तर तोंडावर… घाई केली तर काय होते?

जून जवळ आला की अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या घरात धांदल सुरू होते. प्लेग्रुप किंवा नर्सरीचा प्रवेश झालेला असतो, दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणून झालेली असते. अडते ते एका अटीवर. ‘मूल डायपरशिवाय राहणारे असावे,’ असे अनेक शाळा प्रवेशाच्या वेळीच सांगतात. त्यातून मुलगा असेल, तर ‘शेजारची त्याच्याच वयाची मुलगी केव्हाच सांगायला लागली,’ हेही ऐकावे लागते. मग पंधरा दिवसांत सवय लावण्याची मोहीम निघते. चड्डी ओली होते ती होतेच, पण काही घरांत मुलगा शी करायचेच थांबवतो. बालरोगतज्ज्ञांना चिंता वाटते ती ओल्या चड्डीची नव्हे, या दुसऱ्या गोष्टीची.

मुलगे खरोखरच मागे असतात का?

थोडेसे, पण समजले जाते तितके नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दिवसा शी-शूवर ताबा येण्याचे सरासरी वय होते साडेअठ्ठावीस महिने आणि ही सवय पूर्ण व्हायला मुलग्यांना मुलींपेक्षा साधारण अडीच महिने जास्त लागले. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतच २६७ मुलांच्या अभ्यासात दिवसभर कोरडे राहण्याचे मध्यक वय मुलींसाठी साडेबत्तीस महिने, तर मुलग्यांसाठी ३५ महिने आढळले. चाळीस वर्षांत सगळ्यांचेच वय वाढले. मुलगा-मुलीतले अंतर मात्र तेवढेच राहिले.

मध्यक ३५ महिने याचा अर्थ निम्मे मुलगे त्यानंतरच कोरडे राहू लागले. आता महाराष्ट्रातील प्रवेशाचा निकष पाहू. नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण हवीत. म्हणजे डिसेंबरात जन्मलेला मुलगा जूनमध्ये शाळेची पायरी चढतो तेव्हा तो जेमतेम ३० महिन्यांचा असतो. त्याच्याकडून जे अपेक्षिले जाते, ते त्याच्या वयाच्या बहुतेक मुलग्यांना अजून जमत नसते. यात त्याचा हट्ट नाही आणि आईचा आळसही नाही.

शरीरात नेमके काय व्हावे लागते?

तान्ह्या बाळाचे मूत्राशय भरले की आपोआप रिकामे होते. ‘भरले आहे’ हा निरोप मेंदूला कळणे, तो कळल्यावर थोडा वेळ रोखून धरणे आणि योग्य जागी पोहोचल्यावर सोडणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची सर्वांत अवघड. म्हणूनच पॉटीवर दहा मिनिटे कोरडा बसलेला मुलगा उठताक्षणी फरशीवर शू करतो. तो मुद्दाम करत नसतो. बसल्यावर स्नायू सैल सोडणे त्याला अजून जमलेले नसते. मूत्राशयाची क्षमताही वयानुसार वाढते. वयात एक मिळवून तीसने गुणले की अंदाजे मिलिलिटर मिळतात. तीन वर्षांच्या मुलासाठी हा आकडा १२० येतो, जेमतेम अर्धा ग्लास.

तयारीच्या खुणा घरातच दिसतात. चड्डी सलग दोन तास कोरडी राहणे, दुपारच्या झोपेनंतर कोरडे उठणे, चड्डी स्वतः खाली ओढता येणे, ‘चप्पल आण आणि बाबांना दे’ अशी दोन टप्प्यांची सूचना पाळणे. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे शी लागली की पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहणे. लपणाऱ्या मुलाला रागावले जाते. वास्तविक आत काय होते आहे, हे कळू लागल्याचा तो पुरावा असतो.

मग आजी सहाव्या महिन्यात सवय कशी लावत असे?

मोरीत पाटावर बसून बाळाला दोन पायांवर धरायचे आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करायचे, ही पद्धत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती खोटी नाही आणि फक्त इथलीही नाही. केनियातील डिगो समाजात आया काही आठवड्यांच्या बाळाला असेच पायांत धरून, असाच आवाज काढून सवय लावतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळे बऱ्यापैकी कोरडी राहतात, अशी नोंद १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

आजी आणि डॉक्टर दोघेही बरोबर असतात, कारण दोघे वेगळ्या गोष्टी मोजत असतात. आजीच्या पद्धतीत बाळाची चुळबुळ मोठे माणूस ओळखते, वेळेवर धरते आणि आवाजाची खूण मिळाली की बाळ शू करते. सवय बाळाला असते, त्याहून जास्त धरणाऱ्याला. डॉक्टर विचारतात ते मूल स्वतः सांगते का, जाते का, चड्डी काढते का. पाय फोडू न शकणारे बाळ हे करू शकत नाही. शिवाय आजीकडे दिवसभर बाळाजवळ राहणारी माणसे होती, मोरी होती आणि सुती लंगोट होता. लंगोट ओला झाला की बाळाला लगेच टोचायचे. आजचा डायपर ओल शोषून घेतो, त्यामुळे आपण शू केली हेच मुलाच्या लक्षात येत नाही. घरात माणूस असेल तर आजीची पद्धत जरूर वापरावी. आई-बाबा दोघे कामावर आणि मूल पाळणाघरात असेल, तर ती न जमल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही.

तज्ज्ञांचा सल्ला सतत का बदलत गेला?

पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कडक वेळापत्रकाचा बोलबाला होता. ठरल्या वेळी शी व्हावी म्हणून बाळाच्या गुदद्वारात साबणाची कांडी घालण्याचा सल्लाही दिला जाई. आपल्याकडे तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ हेच काम करत असे. ब्रेझल्टन यांनी याला फाटा देऊन ‘मूल तयार होईपर्यंत थांबा’ असे सांगितले. त्यानंतर १९७४ मध्ये नॅथन अझरिन आणि रिचर्ड फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाच्या आत सवय लावण्याचे पुस्तक काढले आणि ते प्रचंड खपले. आज मोबाइलवर फिरणारे ‘तीन दिवसांत डायपरमुक्त’चे व्हिडीओ हे त्याच पुस्तकाचे दूरचे नातेवाईक. दुसऱ्या टोकाला, १९९८ मध्ये ब्रेझल्टन स्वतः पॅम्पर्सच्या मोठ्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत झळकले, तेव्हा ‘थांबा’ या सल्ल्यात कोणाचा फायदा, असा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. तो अप्रस्तुत नव्हता.

तरी घाईच्या बाजूने पुरावा कमी आहे. फिलाडेल्फियातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ महिन्यांच्या आधी जोरदार सराव सुरू केलेल्या मुलांची सवय लवकर पूर्ण झाली नाही. सरावाचा काळ मात्र लांबला.

घाईतील सर्वांत मोठा धोका कोणता?

शी रोखून धरणे. फिलाडेल्फियाच्या उपनगरांतील ४८२ मुलांच्या १९९७ मधील अभ्यासात सुमारे २२ टक्के मुलांनी शू पॉटीत करायला सुरुवात केल्यावरही किमान महिनाभर शी तिथे करायला नकार दिला होता. अशी मुले डायपर मागून घेतात, त्यात शी करतात आणि पुन्हा चड्डी घालतात. हे हास्यास्पद वाटले तरी त्यात धोका नाही. डायपर द्यायचाच नाही, असे घरच्यांनी ठरवले की धोका सुरू होतो.

कधी तरी एकदा शी कडक होते, दुखते. मूल ठरवते की पुन्हा नको. ते रोखते. आतड्यात साचलेल्या मळातील पाणी शोषले जाते, तो आणखी कडक आणि मोठा होतो, पुढच्या वेळी आणखी दुखते. अशा वेळी मुलगा टाचा उंच करतो, पाय एकमेकांत अडकवतो, टेबलाची कड धरून लालबुंद होतो. पाहणाऱ्याला वाटते, बिचारा कुंथतो आहे. तो कुंथत नसतो, अडवत असतो. काही आठवड्यांत गुदाशय ताणले जाऊन ‘लागली’ ही जाणीवच बोथट होते आणि कडक मळाच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपू लागते. घरचे समजतात जुलाब झाले किंवा पोरगा निगरगट्ट झाला. जुलाब थांबवण्याचे औषध दिले तर आजार वाढतो. चापट दिली तरी वाढतो. भरलेले गुदाशय मूत्राशयावर दाब देत असल्याने शूही वारंवार आणि नकळत होऊ लागते. शूच्या तक्रारीसाठी आणलेल्या मुलाची शी कशी आहे, हे डॉक्टर आधी विचारतात ते यासाठीच.

यावर उपाय आहे, पण तो पालकांच्या मनाविरुद्ध जाणारा आहे. सराव पूर्ण थांबवायचा आणि डायपर परत द्यायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने शी मऊ करणारे औषध सुरू करायचे आणि ते दोन-चार दिवसांत बंद करायचे नाही. ताणलेले गुदाशय पूर्ववत व्हायला अनेक आठवडे, कधी काही महिने लागतात. आहारात पहिली नजर दुधावर टाकावी. दिवसाला तीन-चार बाटल्या दूध आणि मधल्या वेळी बिस्किटे घेणाऱ्या मुलाच्या पोटात भाजी-भाकरीला जागा उरत नाही. पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, वरणात घोटलेली पालेभाजी आणि पुरेसे पाणी यांचा उपयोग होतो. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. त्यामुळे सराव पुन्हा सुरू करताना जेवणानंतर वीसेक मिनिटांनी, पाच मिनिटेच बसवावे. हातात मोबाइल देऊन अर्धा तास बसवले तर मुलाला मोबाइलची सवय लागते, शीची नाही.

मुलाने बसावे की उभे राहावे?

आधी बसावे. या वयात शी आणि शू बऱ्याचदा एकदमच होतात. सुरुवातीलाच उभे राहायची गंमत कळली की काही मुलगे बसायला तयार होत नाहीत. बसल्यावर शिश्न बोटाने खाली वळवायला शिकवावे, नाही तर शू समोरच्या भिंतीवर जाते. भारतीय संडासातील उकिडवी बैठक शी होण्यासाठी चांगली, पण लहान मुलाच्या पायांना ते अंतर पेलत नाही आणि त्या भोकाची भीती वाटते. काही महिने छोटी पॉटी बरी. कमोड असेल तर वर लहान सीट आणि पायाखाली स्टूल हवेच. पाय लोंबकळत असतील तर जोर लावता येत नाही. मुलगा वर बसलेला असताना फ्लश ओढू नये. त्या आवाजाने घाबरलेली मुले पुन्हा बसायला नकार देतात.

उभे राहणे बाबांना किंवा मोठ्या भावाला पाहून पटकन जमते. मात्र कमोडपाशी उभ्या मुलाच्या शिश्नावर वरची सीट आदळून दुखापत झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. सीट मागे टिकते का, हे आधी तपासावे. नेम धरण्यासाठी भांड्यात कागदाचा कपटा टाकला तरी पुरतो. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर याच हेतूने पुरुषांच्या मुताऱ्यांत माशीचे चित्र काढले आणि ते जगभर गाजले. मोठ्यांनाही नेम शिकवावाच लागतो.

अंघोळीच्या वेळी पुढची त्वचा जोर लावून मागे ओढण्याची रीत काही घरांत आहे, ती सोडावी. ही त्वचा लहानपणी चिकटलेली असणे नैसर्गिक आहे. ती सुटायला काही वर्षे लागू शकतात. ओढल्याने जखम होते आणि जखमेमुळे शू करायची भीती बसते.

आणखी एक सवय घराबाहेर लागते. प्रवासात मुलीसाठी स्वच्छतागृह शोधले जाते. मुलग्याला ‘कर इथेच, कोण बघतंय’ म्हणत भिंतीकडे उभे केले जाते. अडीचाव्या वर्षी शिकलेली ही सोय पस्तिशीतही सुटत नाही, हे कोणत्याही एसटी स्थानकामागे गेले की कळते.

शाळेशी काय बोलावे?

घरात मुलगा ‘शू आली’ म्हणतो, शाळेत ताई ‘वॉशरूम?’ विचारतात. दोघांना एकमेकांचे कळत नाही आणि चड्डी ओली होते. घरातला शब्द पहिल्याच दिवशी ताई आणि मावशींना सांगावा. पट्टा, बटणे, चेन असलेली पँट देऊ नये. इलॅस्टिकची चड्डी आणि दोन जास्तीचे जोड द्यावेत. शाळेतून मुलगा रोज पूर्ण कोरडा, पण घरी येताच धावत शू करणारा असेल, तर कौतुक करण्याआधी तिथले स्वच्छतागृह एकदा पाहून यावे. अंधार, वास किंवा ओली फरशी यामुळे तो चार तास रोखून धरत असू शकतो.

रात्रीचे काय, आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

रात्री कोरडे राहणे ही वेगळी प्रक्रिया आहे. झोपेत मूत्र कमी तयार करणारे संप्रेरक आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग येणे यांवर ती अवलंबून असते. सरावाने ती शिकवता येत नाही. पाचव्या वर्षीही साधारण १५ टक्के मुले अंथरूण ओले करतात, त्यात मुलगे मुलींच्या सुमारे दुप्पट. आई किंवा बाबांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पाच वर्षांपर्यंत उपचारांची गरज नसते.

काही लक्षणे मात्र थांबून पाहण्यासारखी नाहीत. मुलग्याच्या शूची धार कायम बारीक असणे, थेंब-थेंब होणे किंवा शू करण्यासाठी त्याला जोर लावावा लागणे, यामागे मूत्रमार्गातील जन्मजात पडद्याचा अडथळा असू शकतो. हा दोष मुलग्यांमध्येच आढळतो आणि त्यामुळे मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. शू करताना ताप येणे, शीतून रक्त जाणे, चार वर्षांनंतरही दिवसा ताबा नसणे यासाठीही डॉक्टर गाठावेत. आणि कित्येक महिने कोरडा असलेला मुलगा अचानक पुन्हा ओले करू लागला, सोबत तहान वाढली, वजन उतरले, तर नव्या भावंडाचा हेवा किंवा शाळेची भीती असे तर्क करत बसू नये. टाइप-१ मधुमेहाची सुरुवात अशीच दिसते. त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी.