आरसे काढून ठेवायची जागा

दुचाकीचं गणित : लेखांक 7

“आईना भी ढीला करना है? फिर पीछे का कैसे दिखेगा, भैया?”

भनपुरी तिराह्याजवळच्या माझ्या मिस्त्रीने हातातला पाना थांबवून विचारलं. त्याचं काही चुकत नव्हतं. बिलासपूर रस्त्याच्या या तोंडावर एकीकडे लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या, दुसरीकडे उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे निघालेली ट्रकांची रांग. इथे आरशात न बघता गाडी चालवणारा एक तर नवखा असतो, नाही तर जिवावर उदार झालेला.

“मागचं बघायचंच नाहीये,” मी म्हटलं. गाडी रेल्वे पार्सलने चेन्नईला जाणार होती. आरसे आणि नंबरप्लेट तिथल्या ट्रॅकवर उतरवायची होती, पण बोल्ट गंजलेले. परमुलखात पाना शोधत बसण्यापेक्षा इथेच सैल करून घेतलेले बरे. मिस्त्रीने बोल्ट सैल केले, पण त्याचं समाधान झालं नाही. त्याचा प्रश्न घेऊनच आजचा लेखांक लिहायला बसलो आहे. गेल्या दोन आठवड्यांत आपण ब्रेक आणि टायरची पकड समजून घेतली. आज, ते शिकलेलं हौशी माणसाने कुठे घोटायचं ते पाहू.

शर्यत नव्हे, तालीम

ट्रॅक डे म्हणजे शर्यत, हा पहिला गैरसमज. ट्रॅक डेला नंबर काढत नाहीत, चषक नसतो, बऱ्याच ठिकाणी वेळही मोजत नाहीत. आपली रोजचीच गाडी घेऊन जायचं, ठरलेली फी भरायची आणि बंदिस्त ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत चालवायचं. चालवणाऱ्यांचे अनुभवानुसार गट पाडतात. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक करण्यावर कडक बंधनं असतात. एक गट ट्रॅकवर असला की बाकीचे सावलीत पाणी पीत चुका आठवत बसतात.

सकाळी आधी गाडीची तपासणी होते. ब्रेक पॅड, चेन, टायर, कुठे तेल पाझरतंय का. आरसे आणि नंबरप्लेट काढायची, हेडलाइट आणि इंडिकेटरवर टेप चिकटवायची, म्हणजे गाडी पडलीच तर काचेचा चुरा ट्रॅकभर पसरत नाही. शर्यतीच्या गाड्यांमध्ये तर इंजिन ऑइलच्या बोल्टला भोक पाडून त्यातून तार ओवतात आणि पीळ देऊन बांधून टाकतात, बोल्ट फिरूच नये म्हणून. रेडिएटरमधल्या कूलंटऐवजी पुष्कळ ठिकाणी साधं पाणी भरायला सांगतात, कारण सांडलेलं कूलंट डांबरावर साबणासारखं निसरडं होतं. या सगळ्यात स्वतःच्या जिवाइतकीच मागून येणाऱ्याच्या जिवाची काळजी आहे. मिस्त्रीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. ट्रॅकवर मागच्याने पुढच्याला सांभाळून ओलांडायचं असतं. पुढच्याने आपली रेषा सोडायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही.

छत्तीसगडातून कुठे जायचं?

डांबरी ट्रॅकसाठी रायपूरकराला बरंच लांब जावं लागतं. सर्वांत जुनं ठाणं चेन्नईचं. तिथल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने 1950च्या दशकात शोलावरम इथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती सुरू केल्या. पुढे क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःचा ट्रॅक बांधला, लांबी 3.7 किलोमीटर, वळणं बारा. कोइम्बतूरजवळच्या चेट्टीपालयमचा कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा, आकाराने छोटा पण नवशिक्याला सोयीचा. त्याला नाव दिलंय एस. करिवर्धन यांचं, ज्यांनी भारतात स्वस्त शर्यती गाड्या बांधून कित्येकांना या खेळात आणलं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 2011 साली फॉर्म्युला वनसाठी उभा राहिला, तिथेच सप्टेंबर 2023मध्ये मोटोजीपीची भारतातली पहिली शर्यत झाली.

महाराष्ट्राचं चित्र वेगळं आहे. केटीएमच्या 390सारख्या, ट्रॅक डेला हमखास दिसणाऱ्या गाड्या बनतात चाकणला. कोल्हापूरजवळ हुपरीला मोहिते रेसिंगचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत. पण मराठी मुलांची खरी मर्दुमकी दिसते ती मातीत, पुण्या-नाशकाच्या मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमध्ये. याचं कारण साधं आहे. डांबरी ट्रॅकला शेकडो एकर आणि कोट्यवधी रुपये लागतात, वर दुरुस्ती आयुष्यभराची. मातीच्या ट्रॅकला एक मैदान, काही डंपर माती आणि जेसीबी पुरतो. शर्यत संपली की मैदान पुन्हा सपाट. म्हणून तर 2022च्या नोव्हेंबरात रायपुरात बूढापाऱ्याच्या आउटडोअर स्टेडियममध्येही सुपरक्रॉस होऊ शकला, भर वस्तीत.

एकच वळण, तीस वेळा

आता जवळून बघू. माझं पहिलं सत्र चौथ्या गिअरमध्ये होतं, ब्रेक न लावता. गिअर बदलायचा नाही, ब्रेकला हात नाही. प्रशिक्षकांनी असं सांगितल्यावर आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. मोटरसायकल चालवायला शिकवणाऱ्या अमेरिकेच्या कीथ कोड यांच्या पद्धतीतला हा सुप्रसिद्ध पहिला धडा. भारतातही त्यांच्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवर भरत आले आहेत. ब्रेक काढून घेतला की वळणात किती वेगाने शिरायचं, याचा अंदाज डोळ्यांनी बांधावाच लागतो. चुकलेलं झाकायला काही उरत नाही.

डांबरावर टेपची एक फुली होती : गाडी इथे वळवायची. पहिल्या तीन फेऱ्यांत ती फुली मला दिसलीच नाही, कारण मी पुढच्या चाकासमोरच्या दहा फुटांकडे बघत होतो. भनपुरीच्या खड्ड्यांनी लावलेली सवय ती. इथे नजर फुलीवर, मग वळणाच्या पोटावर, मग जिथून बाहेर पडायचं त्या टोकावर टाकायची. जिकडे डोळे, तिकडे गाडी.

वळणातल्या वेगाचं गणित असं. वळणाची त्रिज्या 30 मीटर धरा. ताशी 50 किलोमीटरने गेलात तर गाडी साधारण 33 अंश झुकवावी लागते. 60ने गेलात तर 43 अंश, 70ने गेलात तर 52. म्हणजे काट्यावर दहाची भर पडली की गाडी आणखी दहा अंश आडवी. रस्त्यावरचा चांगला टायर कोरड्या डांबरावर 45 अंशांच्या आसपासपर्यंत साथ देतो. त्यापलीकडे साथ मिळेल या भरवशावर राहू नये. मोटोजीपीवाले 60च्या पुढे झुकतात, पण त्यांचे टायर, त्यांचा ट्रॅक आणि त्यांची नजर, तिन्ही निराळं. सीटवरून आतल्या बाजूला अंग सरकवून बसतात ते दिखाव्यासाठी नव्हे. शरीराचं वजन आत गेलं की त्याच वेगाला गाडी थोडी कमी झुकते आणि टायरची पकड शिलकीत राहते.

तिसऱ्या सत्रात माझं चुकलं. एका घट्ट वळणात वेग जास्त वाटला आणि घाबरून मी मध्येच रेस सोडून दिली. सरळ रस्त्यावर ते शहाणपणाचं असतं. झुकलेल्या गाडीचं मात्र वजन एकदम पुढच्या चाकावर येतं, सस्पेन्शन दबतं, ठरलेली रेषा सुटते. माझी सुटली आणि मी डांबराबाहेर मातीत गेलो. पडलो नाही, वेग बेताचा होता. मार्शलने पिवळा झेंडा हलवला : पुढे धोका, ओव्हरटेक नको. लाल झेंडा आला असता तर सगळ्यांचंच सत्र थांबलं असतं. निळा म्हणजे तुमच्याहून वेगवान कोणी मागे आलंय, काळा म्हणजे तुम्हाला परत बोलावलंय, लाल-पिवळे पट्टे म्हणजे पुढे घसरण, चौकटीचा म्हणजे संपलं. नवख्याने वेगाआधी हे पाठ करावं.

आणि पुढच्या फेरीत तेच वळण पुन्हा आलं. ट्रॅकची किंमत मला तिथे कळली. दोन-अडीच मिनिटांची फेरी, सत्रात सात-आठ फेऱ्या, दिवसात चार-पाच सत्रं. म्हणजे ते एक वळण दिवसभरात तीसेक वेळा समोर येतं, त्याच डांबरावर, त्याच त्रिज्येचं, समोरून ट्रक येणार नाही या खात्रीसह. गवयाने एकच पलटा घोटावा तसं. रस्त्यावर तीस वर्षं गाडी चालवूनही हे मिळत नाही. घाटातल्या कालच्या वळणावर आज खडी सांडलेली असते, उद्या म्हैस उभी असते. चूक झाली हे कळतं, पण ती दुरुस्त करून बघायला तेच वळण पुन्हा मिळत नाही. म्हणून रस्त्यावर माणूस सराईत होतो, पण शिकतो कमी.

तालमीतून आखाड्यात

ट्रॅक डेची चटक लागली की पुढची पायरी क्लब रेसिंगची. इंग्लंडात ही परंपरा मुरलेली आहे. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर जन्मलेला ब्रिटिश मोटरसायकल रेसिंग क्लब 1909पासूनचा. तिथे नोकरदार माणसं शनिवार-रविवारी व्हॅनमध्ये गाडी टाकून शर्यतीला येतात, आणि नवख्यांना अंगावर नारिंगी बंडी घालावी लागते, मागच्यांनी सांभाळून घ्यावं म्हणून.

आपल्याकडेही या खेळाचा कारभार क्लबांच्या महासंघाकडेच, एफएमएससीआयकडे आहे. शर्यतीत उतरायला त्यांचा परवाना लागतो. राष्ट्रीय स्पर्धेत नवशिक्यांसाठी छोट्या इंजिनांचा वेगळा गट असतो. शिवाय कंपन्यांच्या ‘वन मेक’ स्पर्धा आहेत. त्यांत सगळ्यांना एकसारख्या गाड्या, त्यामुळे पैशापेक्षा हात बोलतो. टीव्हीएसची अशी स्पर्धा 1994पासून चालू आहे, रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेन्टल जीटी कप 2021पासून. पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या टॅलेंट कपमध्ये एनएसएफ 250 आर या खास शर्यतीच्या गाडीवर पुढे आला, तोही अशाच शिडीवरून.

ट्रॅक डेत तुमची स्पर्धा कालच्या तुमच्याशी असते. शर्यतीत पहिल्या वळणात वीस जण एकाच रेषेवर हक्क सांगतात. तिथे घोटलेली रेषा सोडून दुसरी सापडणं ही वेगळी विद्या आहे, आणि पहिली पक्की असल्याशिवाय ती येत नाही.

खर्च आणि कायदा

हौस स्वस्त नाही. फी हा त्यातला छोटा भाग. चामड्याचा सूट, पाठीचं कवच, बूट, हातमोजे, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, दिवसात झिजणारे टायर आणि गाडीची ने-आण यांत खिसा रिकामा होतो. पार्सलला गाडी देताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, तसा शेवटी आपला खिसाही. आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्या. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसतं. ट्रॅकवर पडलात तर गाडीचा खर्च तुमचा.

मग इतकं करण्यापेक्षा नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते काय वाईट, असं तरुण मुलं विचारतात. पुण्यात हाच प्रश्न रविवारी पहाटे लवासाच्या रस्त्याबद्दल विचारतात. कायद्याचं उत्तर आधी : मोटार वाहन कायद्याच्या कलम 189नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दुसऱ्यांदा एक वर्ष किंवा 10,000. पण खरं उत्तर कायद्यात नाही. रस्ता मोकळा असला म्हणजे ट्रॅक होत नाही. ताशी 100ला गाडी सेकंदाला 28 मीटर कापते आणि उत्तम ब्रेक लावूनही थांबायला पन्नासेक मीटर घेते. त्या पन्नास मीटरांत दुभाजकातून कुत्रं, सायकल किंवा उलट्या दिशेने स्कूटर येणार नाही, अशी हमी नवा रायपुरात कोणी देत नाही. ट्रॅकवर तुम्ही फी भरता ती वेगासाठी नाही, या हमीसाठी.

गाडी परत आल्यावर मी पुन्हा भनपुरीला गेलो. मिस्त्रीने काही न विचारता दोन्ही आरसे लावले, बसून कोन जुळवला, बोल्ट कचकचून आवळले. निघालो तर तिराह्यावर सिग्नलच्या आधीच मी वेग उतरवला होता, आणि नजर चाकापुढे नव्हती, पार चौकाच्या पलीकडे होती. तीस वेळा घोटलेलं तेवढं अंगात उतरलं होतं. मग सवयीने उजव्या आरशात पाहिलं. सळयांनी भरलेला ट्रक, अगदी मागच्या चाकाला चिकटून.

मी डावीकडे सरलो आणि त्याला जाऊ दिलं.

(पुढच्या आठवड्यात : सस्पेन्शन. गाडी दबते, उसळते, म्हणजे नेमकं काय करते?)