कोमल गंधाराची एक रेघ

गाणे लिहिता येते का, असे विचारले तर संगीताचा कोणताही विद्यार्थी 'हो' म्हणेल. भातखंडे पद्धतीत 'ग' या अक्षराखाली आडवी रेघ दिली की तो कोमल गंधार झाला. तोडीत हीच रेघ, दरबारीत हीच आणि बागेश्रीतही हीच. पण तोडीचा गंधार बागेश्रीत लावून पाहा. जाणकार मान हलवील, ती कौतुकाने मात्र नव्हे. कागदावर तिन्ही गंधार एक, कानाला वेगळे. हा जो फरक लेखणीतून निसटतो, त्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

मी राहतो सुरतेला, नवागामात. कापडाच्या धंद्यासाठी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे या भागात पुष्कळ. भजनी मंडळ आहे, मंडळाची पेटी आहे, आणि संध्याकाळी काही मुले माझ्याकडे शिकावयास बसतात. बहुतेकांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यावयाच्या असतात. आठवड्यातील दोन तास सोडले तर त्यांचा गुरू म्हणजे वही आणि पेटी. तेव्हा वहीत काय उतरते आणि काय राहून जाते, ही त्यांच्या दृष्टीने पंडितांची हौस नव्हे.

प्रथम थोडे गणित. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर मध्यम ३२० आणि पंचम ३६० कंपनांवर येतो. शुद्ध गंधार येतो ३०० वर. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्याशी हा मिळतो. पेटीवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळे तेथे गंधार ३०२.४ च्या आसपास वाजतो. दोन-अडीच कंपने म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण तंबोरा चालू ठेवून तो गंधार दाबून धरा, म्हणजे कान आपोआप तक्रार करतील. कोमल गंधाराचे तसेच. षड्जाच्या सहा-पंचमांशाने घेतला तर २८८, आणि मध्यम-पंचमाच्या साखळीने खाली उतरत घेतला तर २८४.४. या दोहोंतील अंतर ८१ : ८० एवढे. पेटीचा कोमल गंधार या दोघांच्या मधे, २८५.४ वर, कोणाचाच नाही असा बसलेला असतो.

असे बारीक भेद आपल्या शास्त्राला नवे नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. सा, म, प यांना चार-चार, रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन. परंतु श्रुतीचे माप आकड्यांत दिलेले नाही, आणि सगळा वाद तेथून सुरू होतो.

तो आकड्यांत बसविण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच भागात झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर तारेवर ताडून पाहिले आणि १९१० साली पुण्याहून बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येक श्रुतीला त्यांनी गुणोत्तर दिले. पुढे आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स त्यांना मिळाले. त्यांनी पाश्चात्य स्वरलेखनात जादा चिन्हे घालून आपले राग मांडले, आणि श्रुतींची पेटी लंडनला बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतिप्रकरणावर चांगलीच खडाजंगी झाली.

पं. विष्णु नारायण भातखंडे त्या परिषदेचे एक सूत्रधार होते. त्यांनी लेखनापुरते बाराच स्वर पुरेसे मानले. माझ्या मते त्यांचे धोरण व्यवहारी होते. घराण्याघराण्यांतील चिजा मिळवून त्या पुढच्या पिढीस वाचता याव्यात, हा त्यांचा हेतू. प्रत्येक स्वरावर श्रुतीचा आकडा घातला असता तर 'क्रमिक पुस्तक मालिका' किती जणांनी उघडली असती? शिवाय एकच गवैया एकाच रागात तोच स्वर दर वेळी तंतोतंत त्याच जागी लावीत नाही. नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हेच दिसून आले. श्रुतीचा आकडा छापला तर तो बरोबर कोणत्या क्षणाचा, हे कोण सांगणार? तुर्की संगीताचाही दाखला घेण्यासारखा आहे. तेथे एका पूर्ण स्वरांतराचे नऊ भाग कल्पून निरनिराळी कोमल-तीव्र चिन्हे छापतात. तरीही काही मकामांत वादक छापलेल्यापेक्षा स्वर उतरवूनच वाजवितात.

आपल्या कानडी विभागातील मित्रांकडे आणखी एक तोड आहे. कर्नाटक पद्धतीत स्वरस्थाने बाराच, पण नावे सोळा. र, रि, रु, ग, गि, गु, म, मि, अशी स्वराच्या अक्षरातच त्याची जागा भरलेली असते. श्रुती त्यांनीही लिहिल्या नाहीत. मात्र सुब्बराम दीक्षितरांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी'त गमकांना निरनिराळ्या खुणा दिल्या. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. दरबारीचा गंधार केवळ उतरा नाही, तो डोलतो. आणि डोलणाऱ्या स्वराचा एकच बिंदू लिहून काय साधणार?

मग मुलांनी काय करावे? ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे जी बावीस श्रुतींची पेटी केली, तिच्यातील हिशेब येथे उपयोगी पडतो. सा आणि प अचल. उरलेल्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन रूपे. वीस आणि दोन, बावीस. म्हणजे बावीस चिन्हांची गरजच नाही. नेहमीच्या खुणेजवळ 'उतरा' किंवा 'चढा' एवढे सांगणारे एक अक्षर पुरते. माझे विद्यार्थी वहीत स्वराच्या उजवीकडे बारीक 'उ' किंवा 'च' लिहितात, आणि स्वर आंदोलित असेल तर वर नागमोडी रेघ काढतात. तीही प्रत्येक ठिकाणी नव्हे; रागाच्या आरंभी एकदा, आरोह-अवरोहाजवळ. तोडी लिहिताना पहिल्या ओळीत 'ग' ला 'उ' आला की पुढे सर्वत्र तो तसाच समजावयाचा. आणि त्या रागाचा रियाज पेटी बंद करून, तंबोऱ्यावर.

एक सूचना मात्र श्रुतींपेक्षाही तातडीची आहे. मुलांच्या हाती जुन्या पुस्तकांची छायाचित्रे मोबाइलवरून येतात, मुखपृष्ठ आणि प्रस्तावना गाळून. भातखंडे पद्धतीत अक्षरावरचा बिंदू तार सप्तकाचा, पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पद्धतीत तोच बिंदू मंद्राचा. भातखंड्यांच्या पुस्तकात मध्यमावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. पलुसकरांच्या पुस्तकात तीच उभी रेघ तार सप्तक दाखविते. कोमल स्वरावरून ओळख पटकन पटते: अक्षराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, पाय मोडल्याची खूण असेल तर पलुसकर. पान उघडल्यावर आधी एखादा कोमल स्वर शोधावा, आणि मगच 'सा' लावावा.