शिष्यवृत्तीच्या अर्जात चूक झाली तर?



खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस करणाऱ्या आपल्या घरांतली मुलं-मुली आता कॉलेजात शिकतात. फीसवलतीचा, शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. घाईत उत्पन्नाचा आकडा चुकतो, जुना दाखला जोडला जातो, आणि मुदत संपल्यावर ध्यानात येतं. मग पोर घरी सांगायलाही भितं.

घाबरू नका. ऊसनोंदीत गट नंबर चुकला, तर बिल निघायच्या आधी आपण शेतकी खात्यात जाऊन दुरुस्त करून घेतो. इथेही तसंच आहे. भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या छाननीत असतो. तिथल्या लेखनिकाला लगेच भेटा, लेखी विनंती द्या. कॉलेजला तो अर्ज दुरुस्तीसाठी ऑनलाइन परत पाठवता येतो. परत आला की दुरुस्त करून, दिलेल्या मुदतीत पुन्हा पाठवावा. पण कॉलेजकडून अर्ज पुढे सरकारी खात्याकडे गेला, की काम अवघड होतं.

रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. ती जोडणी नसेल, तर दुरुस्ती बँकेत करावी लागते, अर्जात नव्हे.

म्हणून आज घरी विचारा, “बाळ, अर्ज कुठवर आला?” रागावू नका, चूक लपली, तर वर्षाची फी अंगावर येते.